उन्हाळी राजधानीतले झुरळ

मध्य भारत राज्याला राजधान्या दोन होत्या. हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात, पण हे सरकार दोन्ही घरी पोटभर जेवत असे आणि मधल्या वाटेवर शिवपुरीला नाश्ता करत असे. चैत्र लागला की ग्वाल्हेरहून ट्रक निघत. पुढच्या ट्रकांत पेट्या, मागच्या ट्रकांत कारकून, आणि दोहोंवर ताडपत्री. पेट्यांना लाखेची मोहर असे, कारकुनांना नसे. एवढाच काय तो फरक. पेट्यांत कागदांखेरीज दुसरे काहीही नाही, असे दर खेपेला लेखी प्रमाणित केले जाई.

त्या वर्षी अभिलेख व संकीर्ण खात्याची पहिली पेटी इंदुरात उघडली, तेव्हा खोलीत तीन माणसे होती. पहिले उपसचिव प्रतापराव माने. हे ग्वाल्हेरचे. यांच्या पणजोबांनी कुठल्याशा लढाईत हत्ती अडवला होता असे ते सांगत; कोणत्या लढाईत, ते पणजोबांनाच ठाऊक. दुसरे अभिलेखपाल लक्ष्मीकांतराव ढवळे. हे इंदूरचे, होळकरशाहीपासून नोकरीत, आणि त्यांनी आयुष्यात काहीही अडवले नव्हते. तिसरा चपराशी मारुती. तो सुतळी कापायची कात्री घेऊन उभा होता.

मोहर फोडली, झाकण उचलले आणि आतून एक भरदार, तांबूस, लांब मिशांचे झुरळ बाहेर आले. त्याने मुळीच घाई केली नाही. ते प्रतापरावांच्या कडक इस्त्रीच्या बाहीवर चढले, खांद्यापर्यंत गेले, तिथून भर्रकन उडून राज्याच्या नकाशाच्या चौकटीवर बसले आणि एकेक मिशी तोंडात धरून साफ करू लागले. माणसाचा स्पर्श झाला की झुरळ आधी स्वतःला स्वच्छ करून घेते, ही माहिती खात्याला नंतर मिळाली. त्याच दिवशी मिळाली असती तर प्रतापरावांनी चौकशीऐवजी अब्रुनुकसानीची फिर्याद केली असती.

"ढवळेजी, ये क्या है?"

"झुरळ आहे, साहेब."

"वो तो मुझे भी दिख रहा है. कुणाचं आहे?"

होळकरशाहीत हा प्रश्न कोणी विचारला नसता. झुरळ दिसले की 'मार रे' म्हणायचे आणि पुढच्या कामाला लागायचे, अशी तेव्हाची मागासलेली पद्धत होती. आता दोन संस्थानांचे एक राज्य झाले होते. दोन्हीकडचे कारकून एका बाकावर बसवले होते, कोण कोणाला सीनियर हा घोळ मिटायचा होता, आणि नव्या माणसाला नाव विचारण्याआधी 'मूळचे कुठले?' विचारायची रीत पडली होती. त्यातून झुरळाला तेवढी सूट कशी मिळणार?

"साहेब, पेटी ग्वाल्हेरहून आली," लक्ष्मीकांतराव अदबीने म्हणाले. "मोहर तिकडची. आपल्यासमोरच फोडली."

"ग्वाल्हेरला झुरळं नसतात. हे तुमच्या खोलीतलं आहे. झाकण उचललं तेव्हा आत शिरलं आणि मग बाहेर आलं."

"पण शिरताना तर कोणीच पाहिलं नाही, साहेब."

"त्यावरूनच कळतं ना, किती सराईत आहे ते!"

तेवढ्यात मारुतीने चप्पल काढून हाणली. झुरळ तिथे नव्हते. पुन्हा हाणली, पुन्हा नव्हते. शेवटी वैतागून त्याने हातातली कात्री फेकली, ती नेमकी लागली आणि झुरळाचे मुंडके उडाले. मुंडके चौकटीखाली पडले. बाकीचे झुरळ भिंतीवरून उतरून सरळ दाराकडे चालू लागले. मारुतीने पाण्याचा ग्लास पालथा घालून त्याला अडवले.

"इसको रखो. पुरावा आहे," प्रतापराव म्हणाले. "चौकशी होईल. ग्वाल्हेरचं निघालं तर आम्ही आमचं बघून घेऊ. पण इंदूरचं निघालं तर त्याचा अर्थ असा, की अभिलेखपालाला कागद सांभाळता येत नाहीत. भिंडला एक जागा खाली आहे, ढवळेजी. कोई जाता नहीं."

भिंडचे नाव ऐकले की इंदूरच्या कारकुनाला घाम फुटे. तिकडच्या दरोडेखोरांची फार ख्याती होती. लक्ष्मीकांतरावांना त्यांचे भय नव्हते, कारण त्यांच्याकडून लुटून नेण्यासारखे होते काय? त्यांना भय होते यशोधराबाईंशिवाय राहण्याचे. रोज सकाळी स्नेहलतागंजातल्या त्यांच्या घराच्या ओट्यावर चहा होई. यशोधराबाई पेपर मोठ्याने वाचत आणि मधेमधे सरकारला झाडत. सरकारी नोकराला हे ऐकण्यात जे सुख असते ते बाहेरच्याला कळायचे नाही. लग्नाला इतकी वर्षे झाली तरी लक्ष्मीकांतरावांना बायको मनापासून आवडत असे, आणि ही गोष्ट त्यांनी तिला कधी सांगितली नव्हती.

"मी नाही हं येणार भिंडला," यशोधराबाईंनी पहिल्या घोटालाच सांगून टाकले. त्यांना कितीतरी खटपटींनंतर मागच्याच वर्षी मुलींच्या शाळेत गणित शिकवायची नोकरी मिळाली होती. "आत्ता कुठे पोरी मला घाबरायला लागल्यात. आणि तुम्ही तिकडं, मी इकडं, हे व्हायचं नाही. मला करमणार नाही. ते झुरळ ग्वाल्हेरचं आहे ना? मग तसं सिद्ध करा. अच्युतला बोलावते मी."

अच्युत हा त्यांचा धाकटा भाऊ, कॉलेजात प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर. दरवर्षी तो पोरांकडून टोपलीभर झुरळे फाडून घेई. ज्याला रोज फाडावे त्याच्यावर माणसाचा जीव जडतो, तसे त्याचे झाले होते.

"जिजाजी, भाग्यवान आहात!" तो आल्या आल्या म्हणाला. "मुंडकं उडालं? कुछ नहीं बिगडता. झुरळ काही नाकानं श्वास घेत नाही. अंगाच्या दोन्ही बाजूंना भोकं असतात, त्यांतून घेतं. पाय हलवायचं काम पायांजवळच्या मज्जेच्या गाठी परस्पर बघतात. रक्त लाल नसतं, बिनरंगी असतं, ते मानेशी चटकन गोठतं. डोक्याविना आठवडाभर आरामात जगतं, कधी त्याहून जास्त. शेवटी मरतं ते तहानेनं, कारण प्यायला तोंड नाही."

लक्ष्मीकांतरावांना याचे नवल वाटले नाही. त्यांच्या खात्याच्या सचिवाची जागा दिवाळीत रिकामी झाली होती आणि ही गोष्ट लोकांच्या लक्षात होळीला आली होती.

"आणि शेपटाशी दोन काटे असतात, त्यांवर बारीक केस," अच्युतला थांबायचे माहीत नव्हते. "तुम्ही चप्पल उचललीत की हवा हलते. ती त्या केसांना कळते आणि पाय पळायला लागतात. डोक्याला विचारत बसत नाही."

"म्हणजे वरून आदेश येईपर्यंत थांबत नाही?"

"बिलकुल नाही!"

"मग ते सरकारी नाहीच मुळी," यशोधराबाई म्हणाल्या.

यथावकाश समिती नेमली गेली. अध्यक्ष प्रतापराव, कारण झुरळ त्यांच्याच अंगावर चढल्यामुळे विषयाचा प्रत्यक्ष अनुभव त्यांना होता. दोन सदस्य ग्वाल्हेरचे, दोन इंदूरचे. ज्यांच्यावर आरोप होता ते लक्ष्मीकांतराव समितीचे सचिव झाले, कारण लिहिण्याचे काम दुसरे कोणी घेईना. अच्युतला तज्ज्ञ म्हणून बोलावले.

पहिल्याच बैठकीत अडचण आली. समोर ग्लासखाली बसलेले झुरळ मृत धरायचे की हयात? डोके नाही म्हणजे मृत. चालते-फिरते म्हणजे हयात. मृत म्हणावे तर मृताची चौकशी होत नाही. हयात म्हणावे तर त्याचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय निर्णय देता येत नाही, आणि म्हणणे मांडायला त्याला तोंड नाही. बरीच चर्चा होऊन 'हयात, परंतु मत नसलेले' असे ठरले. याला खात्यात भरपूर पूर्वाधार होते.

दुसऱ्या बैठकीआधीच झुरळ तहानेने गेले. मात्र जाण्यापूर्वी त्याने, म्हणजे आता तिने म्हटले पाहिजे, ग्लासखाली एक तपकिरी डबी टाकली होती. अच्युत टाळ्या पिटायचा बाकी राहिला.

"अंड्यांची डबी! आत पंधरा-सोळा अंडी, दोन रांगांत कशी नीट लावलेली. मादी ती पोटाच्या टोकाला धरून हिंडते आणि सुरक्षित जागा बघून ठेवून देते."

"म्हणजे डबीसुद्धा ग्वाल्हेरहूनच आली," इंदूरचे सदस्य शंकरराव म्हणाले.

"पण ठेवली कुठे?" ग्वाल्हेरचे बाबूराव उसळले. "सुरक्षित जागा कोणती वाटली तिला? इंदूर! पोरं इथं जन्मतील. जन्म जिथला, माणूस तिथला."

"वा भिया, ये अच्छा है! पोरं आमची आणि आई कुणाचीच नाही?"

"तज्ज्ञांनी बापाचं सांगावं," प्रतापरावांनी अध्यक्षस्थानावरून मार्ग काढला. "बाप कुठला, त्यावर ठरवू."

"बाप लागतोच असं नाही, साहेब," अच्युत सहज बोलून गेला. "नर भेटला नाही तर मादी एकटीच अंडी घालते आणि त्यांतून पिल्लं निघतात. सगळ्या माद्याच."

समितीत पाचही पुरुष. थोडा वेळ सर्वांनी आपापल्या पेन्सिलींना टोक काढले. लक्ष्मीकांतरावांनी 'पित्याविषयी माहिती उपलब्ध नाही' असे लिहून घेतले आणि चहा आला.

दीड-दोन महिन्यांनी डबी उकलली आणि बरणीत पुढाऱ्यांच्या खादीसारखी पांढरी शुभ्र पिल्ले वळवळू लागली. मारुतीने लांबूनच हात जोडले. काही तासांत ती तपकिरी झाली तेव्हा त्याने हात खाली घेतले. अच्युतने सांगितले, की झुरळ वाढताना दहा-बारा वेळा कात टाकते, दर वेळी असेच पांढरे दिसते, आणि टाकलेली कात स्वतःच खाऊन टाकते, म्हणजे मागे काही पुरावा राहत नाही. हे ऐकून बाबूरावांनी हे जनावर नक्की महसूल खात्यात होते का, याची चौकशी करावी असे सुचवले.

एवढ्यात एक आदेश निघाला. मूळ निवासाचा निकाल लागेपर्यंत इमारतीतले कोणतेही झुरळ, ते कोठलेही असो, मारता कामा नये, कारण त्यामुळे पुरावा नष्ट होण्याचा संभव आहे. परिस्थिती जैसे थे ठेवावी.

आता तुम्हीच सांगा, झुरळाला आणखी काय पाहिजे? त्याला अंधार लागतो. अभिलेखकक्षात भरपूर होता. त्याला पाठ आणि पोट दोन्हींकडून टेकेल अशी फट लागते, म्हणजे निर्धास्त वाटते. दोन फायलींमध्ये अशा फटी हजारो होत्या. खायला त्याला काहीही चालते. खळ, डिंक, चामडे, साबण, केस, आणि काहीच मिळाले नाही तर महिनाभर काहीच नाही. फायलींच्या पाठीची खळ खाऊन झुरळे माजली. तिकिटांचा डिंक गेला. शंकररावांच्या टेबलावर बशीभोवती ती उन्हाळ्यातल्या पाहुण्यांसारखी बसू लागली. शंकररावांनी एकाला फूटपट्टीने मारले, तर त्यांच्याकडून खुलासा मागवला गेला. 'ते माझ्या पोह्यांत उतरत होते, सबब स्वसंरक्षणार्थ' असे त्यांनी लिहिले. 'ते ग्वाल्हेरचे होते की इंदूरचे याची खात्री आपण मारण्यापूर्वी केली होती काय?' असे उलट टपाली आले.

मलेरिया खात्याकडे डीडीटी होती. लक्ष्मीकांतराव स्वतः मागायला गेले. तिथल्या साहेबांनी फार आपुलकीने बसवले, चहा पाजला आणि सांगितले, की ही डीडीटी डासांसाठी मंजूर आहे. झुरळे मलेरिया पसरवू लागली तर अवश्य या.

हळूहळू लोकांनी जुळवून घेतले. झुरळ कपात पडले तर 'मामला विचाराधीन आहे' म्हणायचे, ते चमच्याने बाजूला काढायचे आणि उरलेला चहा प्यायचा. इकडे पाऊस संपत आला. थोड्या दिवसांनी सरकार पुन्हा ग्वाल्हेरला निघणार होते आणि त्याआधी निकाल लावणे भाग होते. लक्ष्मीकांतरावांची झोप उडाली. यशोधराबाई पेपर वाचताना मध्येच थांबून त्यांच्याकडे बघत आणि सरकारला झाडायचे विसरून जात. हे लक्षण फारच वाईट होते.

शेवटी अच्युतनेच उपाय काढला. "जिजाजी, झुरळाला एकटं करमत नाही. जिथं जातभाईंच्या विष्ठेचा वास येतो, तिथंच ते जाऊन बसतं. ही पिल्लं आता मोठी झालीत. एका बाजूला ग्वाल्हेरची पेटी ठेवा, दुसऱ्या बाजूला इंदूरचा खण, आणि मध्ये पिल्लं सोडा. ज्यांची असतील त्यांच्याकडे जातील. दूध का दूध, पानी का पानी."

समितीला कल्पना पसंत पडली, कारण तीत समितीला काहीच करायचे नव्हते. ठरलेल्या दिवशी मोठे टेबल बाजूला सरकवले. उजवीकडे ग्वाल्हेरची पेटी, डावीकडे इंदूरच्या कपाटाचा खण. सगळे खुर्च्यांवर पाय वर घेऊन बसले. लक्ष्मीकांतरावांनी मनातल्या मनात गणपतीला एकवीस मोदक बोलून ठेवले आणि मारुतीने बरणी आडवी केली.

पिल्ले बाहेर आली. क्षणभर थबकली. मिशा हवेत फिरवल्या, डावीकडे, उजवीकडे. मग एकजात सगळी वळली, पेटीच्या समोरून गेली, खणाच्या समोरून गेली, आणि सुसाट धावत प्रतापरावांच्या खुर्चीखाली ठेवलेल्या चामड्याच्या अटॅचीत, फटीतून, एकामागून एक शिरली.

"जातभाई! आत जातभाई आहेत!" अच्युत ओरडला आणि कोणी अडवण्याआधीच त्याने अटॅची उघडली.

आत चैत्रात ग्वाल्हेरहून आणून विसरलेला गजकाचा, म्हणजे तीळगुळाच्या वड्यांचा, पुडा होता. कागद कुरतडलेला होता. पुड्यावर, पुड्याखाली आणि पणजोबांच्या तसबिरीमागे मोठाली, भरदार, तांबूस मंडळी बसलेली होती. त्यांतल्या एकीने शांतपणे मिशी तोंडात धरून साफ केली.

शंकरराव खिडकीबाहेर गुलमोहर बघू लागले. बाबूरावांनाही त्याच गुलमोहरात काहीतरी सापडले. उरलेले दोन सदस्य छताकडे बघत होते. मारुती बरणी पुसू लागला. प्रतापरावांनी अटॅची पायाने बंद केली आणि अतिशय गोड आवाजात विचारले, "ढवळेजी, आपने क्या देखा?"

लक्ष्मीकांतरावांनी सगळे देखले होते. त्यांच्यावरचा आरोप धुतला गेला होता, तोही सर्वांच्या साक्षीने. फक्त साक्षीदार गुलमोहरात गेले होते. त्यांनी तोंड उघडले. डोळ्यांसमोर भिंडच्या एखाद्या खोलीत स्टोव्हवर करपणारा भात आला. तोंडातून वेगळेच निघाले. "साहेब, माझ्या चष्म्याचा नंबर बदललाय बहुतेक."

"चष्मा बदलून घ्या," प्रतापराव म्हणाले. "आणि उद्या अहवाल आणा."

घरी येऊन ते पाटावर नुसते बसून राहिले. यशोधराबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि त्या भडकल्या.

"अहो, मग लिहा ना जे घडलं ते! लाज कुणाला वाटायला हवी, तुम्हाला की त्या हत्तीवाल्याला?"

"खरं लिहिलं तर भिंड. इंदूरचं लिहिलं तर भिंड. नुसतं ग्वाल्हेरचं लिहिलं तरी साहेब चिडणार, म्हणजे भिंडच. यशोधरे, मला तुझ्याशिवाय तिकडं राहायचं नाही गं." हे बोलून गेल्यावर ते स्वतःच दचकले. यशोधराबाई वाढायच्या थांबल्या आणि त्यांनी पदराने डोळे टिपले.

अच्युत जेवत होता. "शास्त्रीयदृष्ट्या तिन्ही चूक आहेत," तो तोंडात घास ठेवून म्हणाला. "तुमच्या खात्यातली जात म्हणजे अमेरिकन झुरळ. जगभर शास्त्रात तेच नाव आहे."

"काय म्हणालास?" लक्ष्मीकांतराव पाटावरून उठलेच.

"अमेरिकन. अर्थात नाव चुकीचंच पडलंय. मूळचं ते आफ्रिकेकडचं, जहाजांतून सगळीकडे..."

"अच्युत," यशोधराबाई म्हणाल्या, "पोळी खा."

अहवाल एका रात्रीत झाला. त्यात झुरळाचे शास्त्रीय नाव ठळक अक्षरांत होते आणि आफ्रिका नव्हती. समिती इतकी आनंदली की विचारू नका. ना ग्वाल्हेर, ना इंदूर. दोन्ही घराण्यांची अब्रू वाचली. "मुझे पहले दिन से शक था," प्रतापराव म्हणाले. "ज्या पद्धतीनं ते बाहीवर चढलं, ती आपल्याकडची नव्हतीच." शंकररावांनी ठराव मांडला, बाबूरावांनी अनुमोदन दिले. दोन्ही राजधान्यांची मने जुळल्याचा तो पहिलाच प्रसंग होता. अंगावरचे झुरळ झटकावे तसा तो विषय सर्वांनी मिळून झटकला. अमेरिकन झुरळांचे पुढे काय करायचे, हे कोणी विचारले नाही.

त्या संध्याकाळी लक्ष्मीकांतराव यशोधराबाईंना घेऊन सराफ्यातल्या खाऊगल्लीत गेले. गरम जिलेबी घेतली, वर रबडी घेतली. "किती घाबरले होते मी, तुम्हाला काय सांगू!" असे यशोधराबाई दोनदा म्हणाल्या, आणि भर बाजारात लक्ष्मीकांतरावांनी त्यांचा हात धरला. ओळखीच्या कोणीतरी ते पाहिले. पाहू दे म्हणाले.

आठवड्याने बढतीचा हुकूम आला. गुंतागुंतीच्या प्रकरणात दाखवलेल्या असाधारण चातुर्याबद्दल लक्ष्मीकांतराव ढवळे यांना वरिष्ठ अभिलेखपाल करण्यात येत होते. वरिष्ठ अभिलेखपालाची जागा राज्यात एकच रिकामी होती. भिंडला.

ते धावत प्रतापरावांकडे गेले. "साहेब, मला बढती नको."

प्रतापरावांना खरोखर वाईट वाटले. "ढवळेजी, ऐसा मत कीजिए. बढती नाकारली तर नियमाप्रमाणे तुम्ही अपात्र ठरता."

"ठरू द्या, साहेब. मी अपात्रच आहे."

"और अपात्र आदमी को," प्रतापराव हळहळत म्हणाले, "हम भिंड भेजते हैं."

निरोप समारंभ छान झाला. गुलमोहर आणि छत बघणारे चौघेही बोलले, आणि ढवळ्यांसारखा सत्यनिष्ठ माणूस होणे नाही, यावर त्यांचे एकमत झाले. यशोधराबाईंनी स्वतः ट्रंक भरली. कपडे, पंचांग, शेवेचा डबा, लाडवांचा डबा. स्टेशनावर त्या ट्रंकेचे कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघत राहिल्या. गाडी हलली तेव्हा मात्र त्यांनी सरकारला सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा शिव्या घातल्या, आणि लक्ष्मीकांतराव दिसेनासे होईपर्यंत ऐकत राहिले.

भिंडला भाड्याची खोली मिळाली. स्वच्छ होती, नुकतीच चुन्याने रंगवलेली. त्यांनी ट्रंक उघडली, लाडवांचा डबा उचलला, आणि डब्याच्या बुडाखालून एक तांबूस झुरळ निघाले. थेट स्नेहलतागंजातले. यशोधराबाईंच्या स्वयंपाकघरातले, फडताळामागचे; शंकाच नको. लक्ष्मीकांतरावांनी चप्पल उचलली, पण हात खाली आला. घरचे कोणीतरी आले आहे असे त्यांना वाटले. ते त्याच्याकडे बघत उभे राहिले, आणि झुरळही मिशा हलवत थांबले.

तेवढ्यात दारात घरमालक आला. "बाबूजी, सब ठीक है? कमरा पसंद आया?"

"कमरा तो ठीक है," लक्ष्मीकांतराव तत्काळ झुरळाकडे बोट दाखवून, कपाळाला आठी घालून म्हणाले, "लेकिन आपके यहाँ तिलचट्टे बहुत हैं."

काय माणूस आहे, असेच म्हणालात ना? म्हणा. पण गेल्या खेपेला पाहुण्यांसमोर तुमच्या स्वयंपाकघरात झुरळ निघाले, तेव्हा तुम्ही कोणत्या शेजाऱ्याचे नाव घेतलेत?